वारसा भिंतीवर टांगावा की घरात नांदवावा? म्हैसूरच्या उंबरठ्यावरून गृहसजावटीचा विचार

हिनकल (म्हैसूर) : नव्या घराची किल्ली हाती येते, सामान लागते आणि रिकाम्या भिंती डोळ्यांत भरू लागतात, तेव्हा प्रत्येक कुटुंबापुढे एकच प्रश्न उभा राहतो. हे घर आपले वाटावे यासाठी त्यात काय मांडावे? म्हैसूर शहराच्या पश्चिमेकडील हिनकलसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्तीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. येथील बहुतेक घरे नवी आहेत, रहिवासी निरनिराळ्या प्रांतांतून आलेले आहेत आणि अवघ्या काही किलोमीटरवर लाकूडजडण, सुवर्णवर्खी चित्रकला व बाहुल्यांची मांडणी या परंपरा आजही जिवंत आहेत. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबाला तर दोन वारसे एकाच छताखाली सांभाळावयाचे असतात : गावाकडून सोबत आणलेला आणि नव्या गावाने देऊ केलेला.

बाजारात या प्रश्नाचे तयार उत्तर मिळते. ‘पारंपरिक शैली’ या नावाखाली छापील चित्रे, यंत्रावर कोरलेली जाळी, प्लॅस्टिकची तोरणे आणि भिंतीवर चिकटवावयाची वारली आकृती असा संपूर्ण संच विकत घेता येतो. असे घर देखणे दिसते. परंतु त्यातील कोणत्याही वस्तूविषयी घरातील मुलाने ‘हे काय आहे?’ असे विचारले, तर सांगण्यासारखे फारसे काही नसते. सांस्कृतिक वारसा जपणारी सजावट या मूक संचापासून कोठे वेगळी होते, हे समजून घेण्यास म्हैसूरइतके सोयीचे स्थान क्वचितच आढळेल.

गावाचे उपनगर होताना

हिनकल हे म्हैसूर–हुणसूर मार्गावर, बाह्यवळण रस्त्याच्या चौकाजवळ वसलेले आहे. पुढे हाच मार्ग मडिकेरीकडे जातो. नन्नेश्वराचे जुने देवालय असलेले हे मूळचे गाव. शेजारी विजयनगरच्या निवासी वसाहती उभ्या राहिल्या, हेब्बाळ परिसरात उद्योग व माहिती-तंत्रज्ञान क्षेत्राचा विस्तार झाला आणि शहर गावाच्या वेशीपर्यंत येऊन पुढेही गेले. कौलारू घरांच्या गल्ल्या, आखीव भूखंडांवरील दुमजली घरे आणि सदनिकांच्या इमारती येथे आज एकमेकींना खेटून उभ्या आहेत.

अशा वस्तीत घराचा आराखडा रहिवाशाच्या रीतीभातीतून घडत नाही, तो भूखंडाच्या मापातून घडतो. पूर्वी वास्तूच कुटुंबाची ओळख सांगत असे. आता ती जबाबदारी सजावटीवर येऊन पडली आहे. म्हणूनच सजावटीचा विचार केवळ हौसेचा राहात नाही. पुढच्या पिढीला आपले मूळ कळेल की नाही, याच्याशी तो जोडला जातो.

राजवाड्याने दिलेला धडा

‘आपली’ शैली म्हणजे केवळ आपल्याच प्रांतातील वस्तू, असा समज अनेकदा सजावटीच्या आड येतो. म्हैसूरचा अंबाविलास राजवाडा हा समज सहज दूर करतो. जुना लाकडी राजवाडा १८९७ साली आगीत नष्ट झाल्यानंतर वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार नवी वास्तू उभी राहिली व ती १९१२ साली पूर्ण झाली. तिच्या कल्याणमंडपातील ओतीव लोखंडाचे खांब आणि रंगीत काचेचे छत ग्लासगोहून आले. त्याच मंडपाच्या भिंतींवर मात्र स्थानिक चित्रकारांनी दसऱ्याच्या मिरवणुकीची चित्रे काढली आणि दारांवर म्हैसूरच्या कारागिरांनी शिसवी लाकडात हस्तिदंताची जडणकला साकारली.

परदेशी खांब आणि देशी चित्रे एकत्र असूनही ती वास्तू परकी वाटत नाही. दसरा, राजदरबार आणि विवाहसोहळे हे तिचे मूळ प्रयोजन ठाम होते व बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू त्या प्रयोजनाच्या सेवेत बसविली गेली. सामान्य घरासही हेच लागू पडते. घरात कोणते प्रसंग साजरे होतात, पाहुणे कोठे बसतात, दिवा कोठे लागतो, मुले कोठे खेळतात, हे एकदा निश्चित झाले की सावंतवाडीचा पाट, म्हैसूरचे चित्र आणि आधुनिक सोफा एकाच खोलीत सुखाने नांदतात.

तोट्टी मने आणि चौसोपी वाडा

जुन्या म्हैसूर प्रांतातील पारंपरिक घरास कन्नडमध्ये ‘तोट्टी मने’ म्हणतात. मध्यभागी उघडा चौक, त्याभोवती लाकडी खांबांवर तोललेली उतरती छपरे, चौकाला लागून असलेल्या खोल्या आणि घरासमोर बसण्यासाठी ‘जगली’ म्हणजे ओटा, अशी तिची रचना असते. मराठी वाचकास हे वर्णन परके वाटणार नाही. वाड्याचा चौक, सोपा, ओसरी व पडवी यांची मूळ कल्पना हीच आहे. हवा, उजेड आणि पावसाचे पाणी यांना घराच्या पोटात जागा देणे हा त्यामागील व्यावहारिक हेतू होता.

सदनिकेत चौक बांधता येत नाही, परंतु चौकाचे काम करणारी जागा निर्माण करता येते. बैठकीच्या खोलीतील सर्वाधिक उजेडाचा भाग सामानाने न अडविता मोकळा ठेवणे, तेथे सतरंजी व दोन पाट एवढेच असू देणे, सज्जात तुळस आणि बसण्यापुरती फळी ठेवणे, या साध्या उपायांनी घराला मध्य मिळतो. भिंत पोखरून केलेला कोनाडा शक्य नसेल, तर कपाटाच्या रांगेत एक कप्पा दाराविना ठेवून तेथे समई किंवा निरांजन ठेवता येते. उंबरठा, खुंटी, देवळी, फडताळ, झोपाळा हे वाड्याचे शब्द मुलांच्या कानावर पडावयाचे असतील, तर त्यांपैकी निदान एखादी गोष्ट घरात असावी लागते.

जमिनीचा विचारही येथेच येतो. दक्षिण कर्नाटकापासून गोवा-कोकणापर्यंत जुन्या घरांत लाल रंगाची गुळगुळीत जमीन आढळते. सिमेंटमध्ये लोहयुक्त लाल रंगद्रव्य मिसळून, थापीने घोटून ती तयार केली जाते. वापराने तिला चकाकी येते. मात्र ती हळूहळू वाळू द्यावी लागते. घाई केल्यास तडे जातात. त्यामुळे हे काम जाणत्या गवंड्याकडूनच करून घेणे इष्ट. मंगळुरी कौलांची गोष्टही अशीच उद्बोधक आहे. मंगळुरूमध्ये १८६५ साली बासेल मिशनने कौलांचा कारखाना सुरू केला आणि युरोपीय धर्तीची ती चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर इतकी रुळली की आज ती कोकणी व कानडी घराची खूणच समजली जातात. वारसा म्हणून आपण जे जपतो, त्यातील पुष्कळ काही एकेकाळी नवे होते.

भिंतीवरील चित्र : काय पाहावे, कसे पाहावे

म्हैसूर चित्रशैलीची मुळे विजयनगर साम्राज्यात शोधली जातात. १५६५ सालच्या राक्षसतागडीच्या लढाईनंतर तेथील चित्रकार विखुरले आणि त्यांतील काहींना पुढे श्रीरंगपट्टणच्या वडियार राजांचा आश्रय मिळाला. तिसरे कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांच्या काळात ही शैली बहरली. त्यांच्याच काळात, १८६१ साली, बांधलेल्या जगनमोहन राजवाड्यात आज मोठा चित्रसंग्रह आहे.

परंपरागत पद्धतीत प्रथम चिंचेच्या काटक्यांच्या कोळशाने रेखाटन केले जाते. त्यानंतर सफेदा, एक पिवळी नैसर्गिक राळ आणि सरस यांच्या मिश्रणाने दागिने, वस्त्रांचे काठ व मखर यांवर किंचित उठाव आणला जातो आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढविला जातो. हा उठाव अत्यंत नाजूक असतो. तंजावर शैलीतील उठाव अधिक जाड असतो व त्यात काचेचे खडेही जडविले जातात. दोन्ही शैलींतील फरक ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय. तंजावर चित्रकलेला तेथील मराठा राज्यकर्त्यांच्या दरबाराचा मोठा आश्रय लाभला होता, हे मराठी वाचकाने आवर्जून ध्यानात ठेवावे. म्हैसूरच्या घरात तंजावरचे चित्र लावणारे मराठी कुटुंब एका अर्थाने आपल्याच इतिहासाचे दक्षिणी पान उघडत असते.

याच जगनमोहन राजवाड्याच्या संग्रहातील एक चित्र मराठी माणसाला आणखी जवळचे आहे. हातातील दिव्याभोवती तळहाताचा आडोसा धरलेली आणि बोटांमधून पाझरणाऱ्या प्रकाशाने उजळलेली स्त्री, हे त्याचे दृश्य. अनेक पाहुणे ते राजा रविवर्मा यांचे समजतात. प्रत्यक्षात ते सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे जलरंगचित्र आहे आणि त्यासाठी त्यांची कन्या समोर उभी राहिली होती. या चित्राच्या प्रतिकृती असंख्य घरांत आहेत. चित्रकाराचे नाव मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते. प्रतिकृती लावण्यात कमीपणा नाही. रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला तो चित्रे सामान्यांच्या घरी पोचावीत म्हणूनच, आणि त्या छापील लक्ष्मी-सरस्वती पुढे देव्हाऱ्यापर्यंत गेल्या. परंतु चौकटीच्या मागे चित्रकाराचे नाव, मूळ चित्र कोठे आहे आणि ते कोणत्या माध्यमात आहे, एवढे तीन तपशील लिहून ठेवले, तर तीच प्रतिकृती घरातील मुलांसाठी एक दार उघडते.

वर्खाची चित्रे थेट उन्हात, ओलसर भिंतीवर वा स्वयंपाकघरालगत लावू नयेत. काच आणि चित्र यांत थोडे अंतर राहील अशी चौकट करावी आणि चौकटीच्या मागे हवा खेळती ठेवावी. एका भिंतीवर एकच महत्त्वाचे चित्र, हा नियम पाळल्यास चित्राचाही मान राहतो व खोलीचाही.

लाकडातील रंग

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे नाव धारण करणारा रस्ता म्हैसूरच्या मध्यभागातून जातो. दसऱ्याची मिरवणूकही याच रस्त्याने पुढे सरकते. राज्य शासनाच्या हस्तकला विक्री केंद्रापासून लहान दुकानांपर्यंत येथे शिसवी लाकडातील जडणकामाच्या चौकटी मांडलेल्या दिसतात. दूरवरून त्या रंगविलेल्या वाटतात. जवळ गेल्यावर ध्यानात येते की त्यांत रंग नाही. निरनिराळ्या झाडांच्या लाकडांच्या नैसर्गिक छटांमधूनच हत्ती, पालखी, नदीकाठ आणि आकाश घडविलेले आहे.

या कामात आधी कागदावर आकृती काढली जाते. प्रत्येक भागासाठी योग्य छटेचे लाकूड निवडून बारीक करवतीने तुकडा कापला जातो. शिसवी फळीवर तेवढीच खोलगट जागा कोरून तो तुकडा बसविला व चिकटविला जातो आणि शेवटी संपूर्ण पृष्ठभाग घासून, झिलई देऊन एकसमान केला जातो. पूर्वी पांढऱ्या छटेसाठी हस्तिदंत वापरला जाई. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि त्यातील नंतरच्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आता फिक्या रंगाचे लाकूड किंवा प्लॅस्टिक ती जागा घेते. त्यामुळे ‘अस्सल हस्तिदंत’ असे सांगून नवी वस्तू कोणी विकत असेल, तर ती फसवणूक तरी असते किंवा गुन्हा तरी.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. रंग लाकडाच्या रेषांसह दिसतो की वरून फासलेला आहे. तुकड्यांच्या सांध्यांवरून बोट फिरविल्यास कडा लागतात की नाही. आणि मागील बाजूची फळी शिसवीची आहे की केवळ वरचा पापुद्रा. शिसवीच्या ‘डाल्बर्जिया’ कुळातील वृक्षांचा समावेश २०१७ साली ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. परदेशातील आप्तांसाठी मोठी वस्तू न्यावयाची असल्यास आवश्यक कागदपत्रांविषयी विक्रेत्याकडे आधीच चौकशी करणे हिताचे.

वर्षातून दहा दिवस जिवंत होणारी मांडणी

म्हैसूरच्या घरांतील सजावटीचे सर्वांत बोलके रूप नवरात्रात दिसते. त्यास ‘गोंबे हब्ब’ म्हणजे बाहुल्यांचा सण असे म्हणतात. विषम संख्येच्या पायऱ्यांवर देवदेवता, मिरवणुका, ग्रामजीवन, प्राणी व व्यापारी यांच्या बाहुल्या मांडल्या जातात. सर्वांत मानाची जागा ‘पट्टद गोंबे’ या राजा-राणीच्या लाकडी जोडीची. विवाहात माहेरकडून मुलीला ही जोडी देण्याची रीत आहे. रक्तचंदनाची जुनी जोडी पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. रक्तचंदनावर आज निर्बंध असल्याने नव्या जोड्या सहसा अन्य लाकडाच्या असतात. दरवर्षी त्यांना नवी वस्त्रे शिवली जातात, शेजारची मुले बाहुल्या पाहावयास येतात आणि त्यांच्या हातावर खाऊ ठेवला जातो.

मराठी घरास ही रीत अनोळखी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आरास, गौरी-गणपतीसमोरील खेळणी, दिवाळीतील मातीचा किल्ला, हे सारे त्याच कुळातले. आणखी एक साम्य मनोज्ञ आहे. म्हैसूरचा दसरा हत्तीवाचून पुरा होत नाही आणि त्याच आश्विन महिन्यात महाराष्ट्रात पाटावर हत्तीचे चित्र काढून मुली भोंडल्याचा, हादग्याचा फेर धरतात. हिनकलमधील मराठी घरात घटस्थापनेशेजारी तीन पायऱ्यांची लहानशी मांडणी केली, वरच्या पायरीवर म्हैसूरची राजा-राणी व खालच्या पायरीवर मातीचा किल्ला ठेवला आणि मध्ये हादग्याचा हत्ती मांडला, तर दोन्ही परंपरांना न्याय मिळतो. असे मिश्रण नवे नाही. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी बाहुल्यांची ही दक्षिणी रीत केव्हाच आपलीशी केली.

या सणातून सजावटीचा एक मोठा नियम हाती लागतो. सर्व वस्तू वर्षभर मांडून ठेवण्याची गरज नसते. पेटीत जपलेली वस्तू नेमक्या दिवशी बाहेर येते तेव्हा तिची वाट पाहिलेली असते, ती हाताळली जाते आणि तिची कथा पुन्हा सांगितली जाते. कायम समोर असलेली वस्तू काही महिन्यांत दिसेनाशी होते. तिच्यावर फक्त धूळ दिसते. लहान सदनिकेसाठी तर हा नियम वरदानच आहे.

चन्नपट्टण ते सावंतवाडी

म्हैसूर–बंगळुरू मार्गावरील चन्नपट्टण हे लाखेच्या खेळण्यांचे गाव. ‘आले मर’ म्हणजे काळ्या कुड्याच्या जातीच्या झाडाचे पांढरे, मऊ लाकूड सांगाड्यावर फिरवून आकार दिला जातो. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पसरते. नंतर केवड्यासारख्या पातीने घासून तिला चकाकी आणली जाते. ब्रशाने दिलेल्या रंगाप्रमाणे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. मात्र लाख उष्णतेने मऊ होते. त्यामुळे ही खेळणी उन्हाच्या खिडकीत ठेवू नयेत.

सावंतवाडीचा लाखकाम केलेला पाट, लाकडी फळे आणि भातुकली यांचे चन्नपट्टणशी नाते सहज जाणवते. दोन्ही गावांना जोडणारा दुसरा धागा म्हणजे गंजिफा. हाताने रंगविलेल्या या गोल पत्त्यांच्या खेळाला म्हैसूरमध्ये तिसऱ्या कृष्णराज वडियारांनी इतका आश्रय दिला की त्यांनी योजलेल्या एका खेळात ३६० पत्ते होते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचे बारा, असे १२० पत्ते असतात. विसाव्या शतकात ही कला लोप पावण्याच्या बेतात असताना सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याने १९७०च्या दशकात राजवाड्यातच कारागिरांना एकत्र आणून तिला नवे जीवन दिले. म्हैसूरच्या गंजिफेचा एक आणि सावंतवाडीच्या गंजिफेचा एक, असे दोन पत्ते एकाच लहान चौकटीत शेजारी लावले, तर दोन राज्यांतील नात्याचे इतके सुटसुटीत चित्र दुसरे मिळणार नाही. उरलेले पत्ते मात्र खेळण्यासाठीच ठेवावेत.

आजीचे लुगडे आणि घराची ऊब

गृहसजावटीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खाजगी सामग्री बहुधा कपाटाच्या तळाशी असते. कर्नाटकातील इळकल गावावरून ‘इरकल’ हा शब्द मराठीत आला आणि इरकली लुगडे महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांत रुळले. म्हणजे हे वस्त्र आधीपासूनच दोन भाषांचे आहे. फाटलेल्या इरकलाचे काठ शाबूत असतील, तर पडद्यांना पट्टी, उशांना अभ्रे, देव्हाऱ्यामागे पडदा असे त्यांचे अनेक उपयोग होतात. उरलेल्या कापडाची गोधडी शिवता येते. उत्तर कर्नाटकात अशाच गोधडीस ‘कौदी’ म्हणतात, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ तिच्या धीट रंगसंगतीमुळे ओळखली जाते.

जरीचे जुने पैठणी वस्त्र कापण्यापूर्वी मात्र विचार करावा. ते शाबूत असेल तर नेसणे हाच त्याचा उत्तम उपयोग. विरले असेल तर पदर सुती अस्तरावर टाके घालून, काचेत पण उन्हापासून दूर ठेवावा. जुनी छायाचित्रे व मोडीतील पत्रे यांबाबतही हीच काळजी घ्यावी : भिंतीवर प्रत लावावी, मूळ कागद अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावा. तांब्या-पितळेच्या भांड्यांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. घंगाळात पाणी भरून फुले तरंगत ठेवावीत, हंड्यात झाड लावण्यापेक्षा पिण्याचे पाणी भरावे, ताम्हण पूजेतच असू द्यावे. वापरातील भांडे चिंचेने घासले जाते. शोभेचे भांडे काळवंडून माळ्यावर जाते.

कोणाचा वारसा, कोणाचे श्रेय

सजावटीच्या बाजारात सर्वाधिक उचलली जाणारी मराठी प्रदेशातील आकृती म्हणजे वारली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने विवाहाचा चौक लिहिणे हे मूळचे सवाष्णींचे विधिकार्य. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी १९७०च्या दशकापासून ही कला विधीबाहेर, कागदावर व कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री सन्मान मिळाला. आज तीच त्रिकोणी माणसे चहाच्या कपापासून भिंतीवरील कागदापर्यंत सर्वत्र छापली जातात. त्या छपाईतून वारली पाड्यावर काय पोचते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

भौगोलिक मानांकनाचा कायदा याच प्रश्नाचे अंशतः उत्तर आहे. १९९९ साली संमत झालेला हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. विशिष्ट प्रदेशातील उत्पादकांनाच ते नाव वापरण्याचा हक्क त्यातून मिळतो. नोंदणी दहा वर्षांची असून तिचे नूतनीकरण करता येते. म्हैसूरची पारंपरिक चित्रकला, शिसवी जडणकाम, म्हैसूर गंजिफा, चन्नपट्टणची खेळणी, इळकल साडी, तसेच पैठणी, सोलापुरी चादर व वारली चित्रकला यांना हे संरक्षण लाभले आहे. परंतु मानांकन नावाला मिळते. दुकानातील प्रत्येक वस्तू खरी असल्याची हमी त्यातून आपोआप मिळत नाही. म्हणून ग्राहकाने विचारणे आवश्यक ठरते : ही वस्तू कोणी घडविली, कोठे घडविली, किती दिवस लागले? उत्तर देण्यास विक्रेता जितका उत्सुक, तितका विश्वास अधिक.

छापील दहा वस्तूंच्या खर्चात हाताने घडविलेली एकच वस्तू येते, हे खरे. तथापि, त्या एका वस्तूमागे एका कारागिराचे काही दिवसांचे काम असते. असे ग्राहक कमी झाले, तर कारागिराचा मुलगा करवत खाली ठेवून दुसरे काम शोधतो आणि मग कला केवळ संग्रहालयात उरते. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसरातील जयलक्ष्मी विलास या १९०५ साली बांधलेल्या वास्तूत लोककलांचे संग्रहालय आहे. तेथील चामड्याच्या बाहुल्या आणि मुखवटे पाहताना ही जाणीव तीव्र होते. त्या एकेकाळी खेळातल्या, हाताळल्या जाणाऱ्या वस्तू होत्या.

सुरुवात कोठून करावी

प्रथम खरेदी करू नये. घरात आधीपासून असलेल्या, कथा असलेल्या वस्तूंची यादी करावी : आजीचा अडकित्ता, आजोबांची लेखनपेटी, लग्नातील समई, मुलाने काढलेले पहिले चित्र. प्रत्येक वस्तूसमोर ती कोणाची, कोठली, कशाची आणि कशासाठी, ही चार उत्तरे लिहावीत. उत्तर ठाऊक नसेल तर घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. ही विचारपूस फार काळ लांबणीवर टाकण्यासारखी नसते.

त्यानंतर घरातील नित्याच्या जागा ठरवाव्यात आणि त्या जागी उपयोगी पडतील अशाच वस्तू निवडाव्यात. रंग ठरविताना सर्वांत मौल्यवान वस्तूला आधार मानावे. शिसवी चौकट असेल तर भिंत फिकट असावी, इरकलाचा गडद काठ असेल तर इतर कापड साधे ठेवावे. भाड्याच्या घरात भिंतींना खिळे ठोकता येत नसतील, तर उभी फळी, पडदे, सतरंजी आणि दाराची पाटी यांवर भर द्यावा. कन्नड आणि मराठी अशा दोन्ही लिपींतील नावाची पाटी हा तर अत्यंत सोपा व सौजन्यपूर्ण परिचय होय. दारासमोरील ठिपक्यांची रांगोळी त्याहूनही सोपी. ती दोन्ही प्रदेशांत काढली जाते आणि शेजारणीकडून एखादी नवी आकृती शिकता येते.

वर्षाकाठी एक हस्तकला-वस्तू, शक्य असल्यास थेट कारागिराकडून, एवढा संकल्प पुरेसा आहे. दहा वर्षांनी घरात दहा वस्तू असतील आणि प्रत्येकीचे गाव व घडविणारा हात ठाऊक असेल. विधीतील वस्तूंबाबत मर्यादा पाळावी. देवतेची प्रतिमा पायपुसण्यावर वा स्नानगृहाच्या दारावर लावणे कोणत्याही शैलीत शोभत नाही.

हिनकलच्या नव्या घरांत आज लावलेल्या वस्तूंपैकी कोणत्या पुढील पिढी सोबत नेईल, याचा निर्णय किमतीवर होणार नाही. मुलांनी ज्या पाटावर बसून जेवण केले, ज्या बाहुल्यांना दरवर्षी वस्त्रे नेसविली, ज्या गंजिफेचे डाव मांडले आणि ज्या चित्रकाराचे नाव तोंडपाठ केले, त्याच वस्तू नव्या गावी जाताना सामानात प्रथम बांधल्या जातील.